जिला जाहिरात दिसत नव्हती

१

बूट परत आले ते मंगळवारी सकाळी, आणि ते मुळात त्या कारखान्यातून गेलेच नव्हते.

घेऊन आल्या होत्या एक शिक्षिका. लंगडत आल्या, बुटांचा डबा टेबलावर ठेवला, डाव्या पायातली चप्पल काढली आणि टाचेवरची पट्टी सोलून दाखवली. खाली नाण्याएवढी कातडी गेली होती. "तुमच्यावर विश्वास ठेवला होता हो," एवढंच म्हणाल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं कारखान्याची मालकीण मला नंतर म्हणाली.

मालकिणीला सगळे ताई म्हणतात. मी तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, पण दोन दिवसांत मीही म्हणायला लागले. तिचा कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाचा एक लांबट हॉल, चार शिलाई मशिनं, सहा कारागीर आणि भिंतभर लाकडी साचे. तिथे एकाच तऱ्हेचे बूट होतात. ज्यांचे दोन पाय दोन मापांचे असतात त्यांचे. अशी माणसं आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ आहेत. जन्मभर ती मोठ्या पायाच्या मापाचा जोड घेतात आणि लहान पायाच्या बुटात कापूस कोंबतात. ताईचे बूट पायात घातले की कापूस सुटतो.

शिक्षिकाबाईंच्या डब्यातल्या लहान बुटात कापूसच होता. वरून अस्तर चिकटवून लपवलेला. ताईनं नखानं ते अस्तर उचकटलं आणि म्हणाली, हे आमचे नाहीत. बाईंनी फोनवरची पावती पुढे केली. न्याहारी करताना त्यांनी ताईची वेबसाइट पाहिली होती, मापं भरायच्या पानापर्यंत गेल्या होत्या, आणि लाजून बंद केली होती. त्याच दुपारी त्यांच्या फोनवर जाहिरात आली : तुमचे पाय दोन मापांचे आहेत ना, लाजू नका. त्यांना वाटलं ताईचीच. त्यांनी डोळे मिटून जोड मागवला.

ती जाहिरात दुसऱ्या एका शहरातल्या, तयार बूट विकणाऱ्या कंपनीची होती. आणि त्या बाईंचे पाय दोन मापांचे आहेत हे त्या दिवशीपर्यंत त्यांच्या नवऱ्याशिवाय आणि ताईच्या वेबसाइटशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

२

आता मी कोण ते सांगते. पंधरा वर्षं मी लोकांच्या मागे जाहिराती सोडायचं काम केलं. तुम्ही एकदा गादी बघितलीत आणि मग महिनाभर गाद्यांनी तुमचा पिच्छा पुरवला असेल, तर त्या पापात माझाही वाटा आहे. आता उलटं काम करते. कोणाच्या जाहिराती कुठे गळतात, कोण चोरतं, ते शोधून देते. लोक मला तपासणीबाई म्हणतात. मला ते फारसं आवडत नाही, पण तोंडावर म्हणतात हे त्यातल्या त्यात बरं.

बुधवारी सकाळी मी हॉलमध्ये पोचले तेव्हा ताई चामडं कापत होती. बोलताना तिनं रापी खाली ठेवली नाही. महिन्याला चाळीस जोड जायचे, तीन महिन्यांत नऊवर आले. हॉलच्या मालकाला शनिवारी दुपारपर्यंत सांगायचं होतं, जागा ठेवणार की सोडणार. सहांपैकी चार कारागिरांना दुसरं कुठलंच काम येत नव्हतं, आणि त्यातल्या दोघांनी तिला हे शिकवलं होतं. "चूक माझ्या बुटांत असेल तर मी शनिवारी किल्ली देते," ती म्हणाली. "पण बुटांत नसेल, तर मला माणूस हवा."

तिचा धंदा कसा चालायचा हे थोडक्यात सांगते, कारण सगळी भानगड त्यातच आहे. दोन मापांचे बूट कोणी पहिल्या दिवशी मागवत नाही. माणूस येतो, बघतो, लाजतो, निघून जातो. आठ-पंधरा दिवस विचार करतो. तेवढ्या काळात कोणीतरी त्याला हळूच आठवण करून द्यावी लागते. म्हणून वेबसाइटच्या प्रत्येक पानात एक छोटी ओळ घातलेली असते, तिला आमच्याकडे पिक्सेल म्हणतात. दारात उभ्या असलेल्या माणसासारखी ती टिपून ठेवते की हा आला, यानं तपकिरी बूट पाहिले, यानं मापाचं पान उघडलं आणि काही न घेता गेला. ही खबर सोशल मीडियाच्या कंपनीकडे जाते, आणि मग त्या माणसाला तिथे ताईची जाहिरात दिसते. चोरटेपणा वाटेल, थोडा आहेही. पण ताईची अर्धी गिऱ्हाइकं अशीच परतून आली होती.

त्या जाहिरातीतला फोटो हॉलच्या भिंतीवरही लावलेला होता. स्टुलावर टेकवलेली दोन लहान पावलं, एक दुसऱ्याहून बोटभर आखूड. ती तिच्या धाकट्या भावाची, तो सहा वर्षांचा असतानाची; फोटोखाली तसं लिहिलंही होतं. त्याच्यासाठी म्हणून अठराव्या वर्षी ताई बूट शिवायला शिकली, आणि तिथून हा कारखाना झाला.

मी लॅपटॉप उघडला, वेबसाइटचं पान उलटून आतली बाजू पाहिली. ताईचा पिक्सेल जागेवर होता. त्याच्या खाली, त्याच्याच अंगाला चिकटून, आणखी एक पिक्सेल होता. दारात दोन माणसं उभी होती, आणि त्यातलं एक ताईचं नव्हतं.

३

चोर कुठून आला हे शोधायला मला दहा मिनिटं लागली. कोण आला हे मात्र त्यातून कळेना.

दुसरी ओळ तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चिकटवलेली होती. चिकटवणाऱ्याचं नाव : ताई. सोमवारी सकाळी ताई चामड्याच्या बाजारात असते, हे कारखान्यातलं मांजरसुद्धा सांगेल. मी विचारलं, तुमचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे? तिनं मानेनंच मशीनच्या वर चिकटवलेला कागद दाखवला. वेबसाइट बनवणारा, जाहिराती बघणारी आणि धाकटा भाऊ, तिघेही तिच्याच नावानं आत जायचे. वेगळी नावं कशाला, घरचीच तर माणसं. मी असे कागद दर महिन्याला बघते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

पहिला गाठला तो वेबसाइटवाला. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, जमिनीवर वायरी, आणि खुर्ची एकच, तिच्यावर तो. मी उभ्यानंच बोलले. त्याला जाहिरातींचा राग होता. आपण स्वच्छ वेबसाइट बांधून दिली आणि या लोकांनी तिच्यात हेरगिरीच्या ओळी कोंबल्या, अशी त्याची तक्रार. मग त्यानेच तर बाहेरची ओळ घातली नाही ना, असं मी विचारलं. दर दोन दिवसांनी, ही ओळ घाल, ती काढ, असे फोन यायचे. वैतागून त्यानं एक चौकट करून दिली होती. तिच्यात ओळ चिकटवली की झालं. "तिथं चिकटवायला अक्कल लागत नाही," तो म्हणाला, "म्हणून तर मी ती त्यांच्यासाठी केली."

दुसरा धाकटा. तो मला आल्यापासूनच आवडला होता, हे कबूल करते. तिशीतला, हसरा, मला बसायला खुर्ची पुसून देणारा. कारखान्यात फोटो काढणं, गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं देणं, वेबसाइटवर नवे जोड चढवणं ही त्याची कामं. चालताना काही कळत नव्हतं, ताईच्या हातचे बूट होते. तो म्हणाला की ताई तीन महिने धड जेवत नाही, आणि ते खरं होतं. संशय कोणावर, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. मग मी निघताना, अगदी सहज, म्हणाला की जाहिरातवालीकडे आणखी एक बुटांची कंपनी आहे, एवढंच आपल्याला ठाऊक आहे, बाकी तिच्यावर आळ घ्यायला जीभ उचलत नाही.

जीभ उचलत नाही असं म्हणणाऱ्याची जीभ व्यवस्थित उचललेली असते. पण त्यानं सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. जाहिरातवालीकडे खरंच दुसरी बुटांची कंपनी होती, आणि ती ताईला तिनं कधी सांगितली नव्हती.

४

तिच्याकडे जायच्या आधी मी एक साधा प्रयोग केला.

बुधवारी दुपारी मी वेबसाइटवर जाऊन एक तपकिरी जोड पाहिला. माझ्या जावेला फोन करून तिलाही पाहायला लावला. ताई, धाकटा, वेबसाइटवाला आणि जाहिरातवाली या चौघांनाही तेच सांगितलं, आणि पुढच्या चोवीस तासांत काय दिसतं ते कळवा म्हटलं. मला त्या दुसऱ्या कंपनीची जाहिरात चार वेळा दिसली. जावेला सहा वेळा दिसली आणि तिनं माझ्यावर तोंडसुख घेतलं. घरच्या चौघांपैकी एकालाही ती दिसली नाही.

बाकीच्या तिघांच्या बोलण्यावर मी भरवसा ठेवला नाही. ताईचा फोन मात्र मी स्वतः तपासला. गुरुवारी दुपारी तिच्याच खुर्चीत तिला बसवलं, हातात नवा फोन दिला, नव्या नंबरावर नवं अकाउंट उघडून दिलं आणि तोच तपकिरी जोड पुन्हा पाहायला लावला. तासाभरात जाहिरात आली. तिनं ती पहिल्यांदाच पाहिली. खालच्या ओळी तिनं बोट फिरवत वाचल्या, आमचेच शब्द आहेत हे, असं काहीतरी पुटपुटली, आणि मग तो फोन तिनं मांडीवर पालथा ठेवला.

जागा तीच, खुर्ची तीच, माणूसही तेच. जुन्या अकाउंटाला दिसत नाही, नव्याला दिसते. याचा अर्थ एकच. ती जाहिरात ताईला दिसू नये अशी कोणीतरी सोय केली होती.

ही सोय आमच्या धंद्यात सगळे करतात. सोशल मीडियाच्या कंपनीला आपण फोन नंबरांची यादी देतो आणि सांगतो, या लोकांना आमची जाहिरात दाखवू नका. चोरानं अशीच यादी दिली होती. त्याला ठाऊक होतं की वेबसाइट सर्वांत जास्त वेळा घरचीच माणसं बघतात, आणि त्यातल्या एकाला जरी जाहिरात दिसली तरी बिंग फुटेल. तोवर मी बाहेरचा कंपनीवाला डोळ्यांसमोर ठेवत होते. त्याला घरची माणसं किती आणि कोण, हे कसं कळणार? यादी घरातूनच गेली होती.

संध्याकाळी ताईनं मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं. ती म्हणाली, "तिघांपैकी कोणीही असलं तरी मला झोप लागणार नाही हो. तिघंही माझ्या ताटातलं जेवलेत." या कामात धीर देणं मी केव्हाच सोडलंय.

५

शुक्रवारी सकाळी जाहिरातवालीसमोर बसले. काचेच्या भिंतींचं ऑफिस, प्रत्येक टेबलावर एक कुंडी, आणि ती पंचविशीची मुलगी पाठ ताठ करून बसलेली. मी वेळ घालवला नाही. तुझ्याकडे दुसरी बूट कंपनी आहे, तू सांगितलं नाहीस, ताईचा पासवर्ड तुझ्याकडे आहे, आणि अशी चोरी करायची अक्कल या तिघांत तुलाच आहे, असं सरळ म्हटलं.

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. दुसरी कंपनी शाळेच्या मुलांचे बूट विकते, तिचा या बुटांशी काय संबंध, आणि एका गिऱ्हाइकाबद्दल दुसऱ्याकडे बोलायचं नाही हे मला शिकवलंय, म्हणाली. तिनं कागद दाखवले. ते खरे होते. तरीही मी यादीबद्दल विचारलंच. घरच्या माणसांना जाहिरात दिसू नये म्हणून यादी कशी करशील?

"मी केली होती की," ती म्हणाली. "आमच्याच जाहिरातीसाठी. घरच्यांना दाखवण्यात काय अर्थ, फुकट वाया जाते. ही पिक्सेलवाली जाहिरात तर सारखी घरच्यांच्याच मागे लागते."

"मग?"

"बाकी सगळ्यांना बंद झाली. ताईंना नाही झाली. छापील कार्डावरचा नंबर घातला, काही उपयोग नाही. रोज सकाळी त्यांचा फोन, अगं, आज मला आपली जाहिरात दिसली, किती छान दिसतेय." तिच्या आवाजातली चीड उतरली. "यादीत तोच नंबर लागतो ज्याच्यावर माणसानं अकाउंट उघडलंय. त्यांचं कोणत्या नंबरावर आहे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यांनाही आठवेना. मग दादांना विचारलं."

दादा म्हणजे धाकटा. तो काय म्हणाला ते मी विचारलं.

"म्हणाले, राहू दे गं. तिला बघायला आवडतं."

मी समोरचा चहा तसाच ठेवून उठले. ज्या यादीपुढे या मुलीनं हात टेकले होते, ती दुसऱ्या कोणालातरी पहिल्या फटक्यात जमली होती.

६

ताई मशीनवर होती. मी तिला बाजूला बोलावलं आणि विचारलं, तुमचं अकाउंट कोणत्या नंबरावर आहे? तिला पुन्हा आठवेना. मी म्हटलं, पहिल्यांदा उघडलं तेव्हा घरात फोन कोणाचा होता?

"आईचा," ती म्हणाली. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तो फोन कपाटात होता, सुरू होता, कारण कधीमधी लॉगिनचा आकडा त्याच्यावर यायचा.

"आणि उघडून कोणी दिलं होतं?"

मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं. तिनं वेगळंच काढलं. त्यानं कोणाला तरी सांगितला असेल नंबर, तो भोळा आहे, बोलता बोलता बोलून गेला असेल. मी तिला जाहिरातवालीचं ऐकवलं. जिला कामासाठी हवा होता तिलासुद्धा त्यानं नंबर दिला नव्हता. वेबसाइटवाल्याला छापील कार्डापलीकडे काही ठाऊक नव्हतं. आईचा नंबर नातेवाइकांकडे असेल, पण नातेवाइकांकडे पासवर्ड नव्हता. पासवर्ड आणि तो नंबर, दोन्ही ज्याच्याजवळ होते असं माणूस ताई सोडून जगात एकच होतं.

"आणखी एक," मी म्हटलं. "तो नंबर यादीत घालायला चोराला एक गोष्ट कळायला हवी होती, की छापील नंबर घालून तुम्हाला जाहिरात बंद होत नाही. हे दोघांनाच माहीत होतं. एक ती मुलगी, आणि दुसरा तिनं ज्याला विचारलं तो."

ताईनं धाकट्याला हाक मारली. मला आजवर अनेकांनी चोरांची नावं विचारली आहेत, पण नाव कळल्यावर चोराला जेवायला बोलवावं तशा आवाजात हाक मारताना मी कोणालाच ऐकलं नव्हतं.

मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मी सगळं सांगितलं. त्यानं काहीच नाकारलं नाही. शेवटी म्हणाला, "एक ओळ चिकटवायची होती फक्त." त्या कंपनीनं त्याला त्यांच्याकडे दोन मापांच्या बुटांचा स्वतंत्र विभाग देऊ केला होता. त्याच्या हाताखाली माणसं, त्याची खोली, दारावर त्याची पाटी.

"ते बूट कसले आहेत हे बघितलंस तू?" ताईनं विचारलं.

"हो."

"कापूस?"

"हो, माहीत होतं."

शिक्षिकाबाईंच्या टाचेबद्दल ती बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, का?

तो दारातून हॉलच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून बोलायला लागला. त्याला एक मुलगी आवडायची. तिला त्यानं पायाचं सांगितलं नव्हतं, सांगणार होता, आपल्या वेळेला, आपल्या तोंडानं. कुठे काम करतोस म्हणून तिनं एकदा ताईची वेबसाइट उघडली. आणि मग तीन आठवडे ते दोन पाय तिच्या मागे लागले. सकाळ-संध्याकाळ, बसमध्ये, ऑफिसात. शेवटी तिनं हसत फोन त्याच्यापुढे धरला, हा तूच ना रे? तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं, तो म्हणाला. पण त्यानंतर तो तिला भेटला नाही.

"माझ्या पायावर तू सगळं उभं केलंस," तो म्हणाला. "माझा पाय गावभर फिरवलास, आणि एकदाही विचारलं नाहीस."

मला तेव्हा त्याच्याबद्दल वाईट वाटलं. अजूनही वाटतं. त्याची बाजू खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती ऐकणं जड जात होतं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "तू नुसतं म्हणाला असतास, तर मी दुसऱ्या दिवशी तो फोटो उतरवला असता."

"माहीत आहे. म्हणूनच नाही म्हणालो," तो म्हणाला. "तू लगेच उतरवला असतास, रडली असतीस, माझी माफी मागितली असतीस. मग मी रागवायचं कोणावर?"

बाहेर एक मशीन चालू झालं आणि बंद पडलं. मग ताईनं विचारलं की त्या यादीत तिचा नंबर त्यानं कशासाठी घातला. पकडला जाऊ नये म्हणून?

तो पहिल्यांदा अडखळला. "ते तर होतंच," म्हणाला. "पण तुला ती जाहिरात दिसली असती तर तुला त्रास झाला असता. तो मला बघवला नसता."

तोवर ताई रडली नव्हती. आता रडली. तीन महिने तो तिच्याबरोबर एकाच टेबलावर जेवत होता, तू खात का नाहीस म्हणून तिच्यावर रागावत होता, आणि तिला कळू नये याची काळजी मायेनं घेत होता. विश्वासघात मी पुष्कळ पाहिले आहेत, पण इतका जपून केलेला नाही.

७

तो खोलीबाहेर गेल्यावर मी तिला पुढचं सांगितलं. दुसरी ओळ मी काढून टाकली होती. पण तीन महिन्यांत वेबसाइटवर आलेल्या साऱ्या लोकांची यादी त्या कंपनीकडे होती, आणि ती रद्द करायची तर सोशल मीडियावाल्यांकडे तक्रार करावी लागणार होती. ओळ कोणी घातली, कशी घातली हे नाव घेऊन सांगितलं तरच ते हात घालतात, आणि मग एका दिवसात घालतात. नाव न देता केलेली तक्रार महिनाभर पडून राहते.

म्हणजे नाव दिलं तर शनिवारी हॉल ठेवता येईल, नाहीतर नाही. हे मी स्पष्टच सांगितलं, कारण गोलगोल बोलून तिचा निर्णय सोपा होणार नव्हता. त्या कंपनीशी असलेलं त्याचं काम यात जाणार, आणि या धंद्यात त्याला पुन्हा कोणी जवळ करणार नाही, हेही सांगितलं.

ती उठून दारापर्यंत गेली. बाहेर सहा कारागीर खाली मान घालून काम करत होते, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. धाकटा हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा होता, जावं की थांबावं हे न कळल्यासारखा. सर्वांत म्हाताऱ्या कारागिरानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आरीत दोरा ओवायला घेतला. ताई परत येऊन माझ्या शेजारी बसली.

"भरा तक्रार," ती म्हणाली.

मी फॉर्म उघडला. कारखान्याचं नाव, वेबसाइट, तारीख, वेळ. ओळ घालणाऱ्याचं नाव तिनं पूर्ण सांगितलं, आईनं ठेवलेलं, जे या हॉलमध्ये कोणीच वापरत नाही. मग पुढची चौकट आली : या व्यक्तीचं तुमच्याशी नातं काय. खाली निवडायला चार पर्याय होते. भागीदार, कर्मचारी, बाहेरचा कंत्राटदार, अनोळखी.

भाऊ हा पर्याय नव्हता. शेवटी रिकामी जागा असते, तिथे हवं ते लिहिता येतं. मी तसं तिला म्हटलं.

ताईनं चारी शब्द दोनदा वाचले.

"कर्मचारी," ती म्हणाली.

मी त्याच्यावर बोट ठेवलं. फॉर्मनं पुढचा प्रश्न विचारला, सध्याचा की माजी. मी तिच्याकडे न बघता थांबले.

"माजी लिहा," ती म्हणाली. "आजपासून."